डिझाइन घरीच शिकून नवं करिअर: ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

कोपरखैरणे
अकाउंट्सची नोकरी करतेय, पण डिझाइनकडे वळायचं पक्कं केलंय. मोठ्या क्लासची फी परवडणार नाही. ज्यांना घरी शिकून काम मिळालं, त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा. नुसतं 'यूट्यूब बघ' नको.

नौपाडा, ठाणे
मी छापखान्यात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर मांडण्याचं काम करायचे. लग्नपत्रिका, अहवाल, हँडबिलं. कोरलड्रॉ या छपाईच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर हात बसला होता, अ‍ॅपच्या डिझाइनचं मात्र काहीच येत नव्हतं. अ‍ॅपचे स्क्रीन आखायचं फिग्मा ब्राउझरमध्ये चालतं आणि फुकटच्या खात्यात शिकण्यापुरतं सगळं मिळतं, म्हणून तिथून सुरुवात केली. रात्री जेवणं उरकली की बँकेच्या किंवा तिकिटाच्या अ‍ॅपचा एक स्क्रीन जसाच्या तसा उतरवायचा. समास, बटणाची उंची, अक्षराचा आकार मोजता मोजता नजर तयार होते.

काम मिळालं ते मात्र मराठीमुळे. इंग्रजीत शोभतं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं की देवनागरीची शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर इंग्रजीइतकंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. मुलाखतीत त्या कंपनीच्याच अ‍ॅपचा मराठी स्क्रीन उघडला आणि शेजारी मी नीट केलेला ठेवला. पुढची सगळी चर्चा त्यावरच झाली. 'मुक्ता' आणि 'बालू' हे 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत, त्यांच्यावर सराव करा. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागाची 'डी-सोर्स' ही डिझाइन शिकवणारी वेबसाइटही मोफत आहे, जरूर वाचा.

ऐरोली
मी कॉल सेंटरमधला. ग्राहक कुठे अडतो हे रोज कानावर पडायचं, त्यातूनच केस स्टडी केल्या, म्हणजे अडचण काय आणि ती डिझाइनने कशी सोडवली ते मांडलं. ताईंच्या मुद्द्यात एक भर: पांढऱ्यावर फिकी राखाडी अक्षरं टाळा. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणूनच्या नियमावलीच्या एए पातळीला साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागच्या रंगातला उजेडाचा फरक) किमान ४.५:१ लागतो. ट्रान्स-हार्बर लोकलच्या दारात, उन्हात मोबाइल धरून वाचा, लगेच कळतं. आणि हातात काम आल्याशिवाय नोकरी सोडू नका. माझा पहिला पगार आधीपेक्षा कमी होता, घरी तशी तयारी ठेवलेली बरी.

नेरूळ
माझं पॅकेजिंग. फराळाच्या डब्यांची लेबलं करत शिकले. फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत), चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), आणि प्रेसवाल्याशी आधी बोलणं. एवढं जमलं तर छोटी कामं मिळत राहतात.

कोपरखैरणे
सगळ्यांचे मनापासून आभार! नौपाड्याच्या ताई, माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नाही. पोर्टफोलिओत, म्हणजे कामाच्या नमुन्यांच्या संग्रहात काय घालू?

नौपाडा, ठाणे
अगं, अकाउंट्स घाल! राज्यातल्या बिलाला सीजीएसटी-एसजीएसटी, बाहेरच्याला आयजीएसटी, हे तुला पाठ आहे. छोट्या दुकानदाराला ते ठरवत बसावं लागू नये, असा बिलाचा स्क्रीन कर. कागदावर काढ, ओळखीच्या दुकानदाराला दाखव, तो अडेल तिथे बदल. पहिल्या कच्च्या आराखड्यापासून सगळं जपून ठेव, मुलाखतीत तेच विचारतात. झालं की इथे टाक, मी बघते.