शाळा आधी की बाजारपेठ आधी?

एमए_अर्थशास्त्र: शिक्षण आणि संस्थांमुळे एखाद्या भागाची आर्थिक वाढ होते का, यावर सेमिनार आहे. पुस्तकात देशोदेशींचे तक्ते आहेत, मला आपल्याकडचं उदाहरण हवंय.

उद्यमनगरकर: ताई, कोल्हापूर घ्या. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे सगळेच सांगतात. त्याआधीचं बघा. शाहूपुरीची पेठ १८९५ ची. मराठा बोर्डिंग १९०१ चं, मग जैन, मुस्लिम अशी वसतिगृहं. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चं. शहरात शाळा होतीच, पण भुदरगडच्या पोरानं तिथं राहायचं कुठं, खायचं काय? माझे आजोबा बोर्डिंगात राहूनच शिकले.

आणि शिकून पुढं काय? १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या. १९१८ ला कुलकर्णी वतनं गेली, पगारी तलाठी आले. गावचं दफ्तर पिढ्यानपिढ्या एकाच घरात असेल तर कुणब्याच्या पोरानं शिकून करायचं काय? मला तर हेच सगळ्यात मोठं काम वाटतं.

गडहिंग्लजकर: पण उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनवणारे जुने मिस्त्री कुठल्या शाळेत शिकले होते? लेथवर उभं राहून शिकले. उसाला पाणी द्यायला इंजिन हवं होतं, म्हणून धंदा वाढला.

उद्यमनगरकर: खरं आहे, माझी फाउंड्रीच आहे. पण उसाला पाणी आलं कुठनं? भोगावतीवर राधानगरीचं धरण महाराजांनीच हाती घेतलं, पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. आणि आता नुसत्या हातावर भागत नाही. गाडीच्या कंपनीला कास्टिंग द्यायचं तर ड्रॉइंग वाचणारा, वाळू तपासून नोंद ठेवणारा माणूस लागतो, तो आयटीआयतनंच येतो. नववीत शाळा सोडलेली पोरं माझ्या भट्टीवर जीव तोडून राबतात आणि आहे तिथंच राहतात. फार वाईट वाटतं.

एमए_अर्थशास्त्र: मग शाळांऐवजी वसतिगृहांवरच लिहू का?

उद्यमनगरकर: जरूर लिहा. मुलींचंही घ्या. आमच्या गावाकडं दहावीनंतर मुलगी शिकणार की नाही, हे अजून एसटीच्या वेळेवर ठरतं. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळचे कागद आहेत. बोर्डिंगांना दिलेल्या जागा आणि अनुदानापासून शोधायला सुरुवात करा.