‘येशूचे भाऊ’ : सख्खे, सावत्र की मावस?

प्रश्न : मार्कच्या शुभवर्तमानात (६:३) नासरेथचे लोक येशूबद्दल विचारतात, की हा मरियेचा मुलगा, याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन यांचा भाऊच ना? मग कॅथलिक लोक मरियेला ‘नित्य कुमारी’, म्हणजे आयुष्यभर कुमारी राहिलेली, म्हणतात ते कसं? मूळ शब्दाचा अर्थ तरी काय आहे?

उत्तर : मूळ ग्रीक शब्द आहे ‘अदेल्फोस’. फोड केली तर ‘एकाच उदरातला’, म्हणजे थेट आपला ‘सहोदर’. पण फोडीवरून अर्थ ठरवायला गेलं की फसगत होते, कारण वापरात हा शब्द बराच सैल आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात (१३:८) अब्राम लोटाला म्हणतो, आपण भाऊ आहोत. लोट त्याचा पुतण्या! जुन्या ग्रीक भाषांतरातही तिथे ‘अदेल्फोस’चंच रूप आहे. हिब्रूत चुलत-मावस भावासाठी सुटसुटीत वेगळा शब्द नव्हता, त्यामुळे सगळे ‘भाऊ’.

दुसरं मत : थोडं थांबा. ते हिब्रूवरून केलेलं भाषांतर आहे, मार्क मात्र ग्रीकमध्येच लिहितोय. आणि ग्रीकमध्ये चुलत-मावस भावासाठी ‘अनेप्सिओस’ हा वेगळा शब्द आहे. कलस्सैकरांस पत्रात (४:१०) मार्क आणि बर्णबा यांचं नातं सांगताना तोच वापरलाय. मग याकोबासाठी तो का नाही वापरला?

उत्तर : मुद्दा बिनतोड नसला तरी वजनदार आहे. प्रॉटेस्टंट बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा हाच. ‘तिला मुलगा होईपर्यंत’ मरियेचा नवरा योसेफ याने तिच्याशी संबंध ठेवला नाही (मत्तय १:२५), यातल्या ‘पर्यंत’वर मात्र फार भिस्त ठेवू नये. शौलाची मुलगी मीखल हिला ‘मरेपर्यंत’ मूल झालं नाही, असं शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे (६:२३); मेल्यावर झालं असं कोणी म्हणत नाही. येशूसाठी वापरलेल्या ‘प्रथमपुत्र’ शब्दाचंही तेच. पहिल्या मुलाला तो मान जन्मतःच मिळतो, दुसरा होण्याची वाट बघावी लागत नाही.

आता गंमत बघा. चौथ्या शतकात ख्रिस्ती लेखकांकडून या प्रश्नाला तीन उत्तरं दिली गेली आणि तिन्हींना मराठीत नेमका शब्द आहे. हेल्विदिउस म्हणाला सख्खे. एपिफानिउस म्हणाला सावत्र, योसेफाच्या आधीच्या बायकोचे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चची परंपरा आजही हीच. जेरोम म्हणाला मावस. त्याचा आधार मार्क १५:४०. येशूला क्रुसावर दिलं तेव्हा दुरून पाहणाऱ्या बायकांत ‘धाकटा याकोब आणि योसे यांची आई मरिया’ आहे. हे दोघे तेच असतील, तर त्यांची आई येशूची आई नव्हे. युक्तिवाद हुशार आहे, पण याकोब आणि योसे ही नावं तेव्हा गल्लोगल्ली होती, हे विसरून चालत नाही.

प्रश्न : म्हणजे कोशाने निकाल लागत नाही?

उत्तर : नाही. ‘सावत्र’चं मूळ तर बायबलात नाहीच, ते याकोबाच्या नावावर चालणाऱ्या दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथात सापडतं. तिथे योसेफ म्हातारा आहे, मुलाबाळांचा आहे. परंपरेला शास्त्राइतकाच, म्हणजे बायबलइतकाच, मान द्यायचा का, हा खरा वाद. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५४६ मध्ये ‘द्यायचा’ असं स्पष्ट म्हटलं. ‘केवळ शास्त्र’ म्हणणाऱ्या प्रॉटेस्टंटांना ते मान्य नव्हतं. पण प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या खुद्द ल्यूथरने मरियेला नित्य कुमारी मानणं सोडलं नाही, आणि नुसत्या ‘भाऊ’ शब्दावरून मरियेला आणखी मुलं होती असं ठरवणाऱ्या हेल्विदिउसला त्याच चळवळीतल्या कॅल्विनने अडाणी ठरवलं. आजचे बहुतेक प्रॉटेस्टंट या बाबतीत हेल्विदिउसकडे झुकतात. माझ्या मते शब्दाचा सरळ कल ‘सख्खे’कडे आहे; पण कल म्हणजे पुरावा नव्हे.

आणखी एक प्रश्न : आणि १८५४ साली पोपने जाहीर केलं ते हेच का?

उत्तर : ही गल्लत नेहमीची. १८५४ चा सिद्धांत मरियेच्या स्वतःच्या गर्भधारणेबद्दल आहे, ती आईच्या पोटात असल्यापासून आदिपापापासून, म्हणजे माणूस जन्मतःच घेऊन येतो असं मानलेल्या पापापासून, मुक्त होती असा. येशूचा कुमारीपोटी जन्म ही वेगळी गोष्ट. ती मत्तय आणि लूक दोघंही सांगतात, त्यामुळे तिच्यावरून कॅथलिक आणि पारंपरिक प्रॉटेस्टंट यांच्यात भांडण नाही. भांडण त्या जन्मानंतरच्या वर्षांचं आहे.

आणि मराठी भाषांतरात काय लिहावं म्हणाल, तर नुसतं ‘भाऊ’. आपण मामेभावालाही ‘माझा भाऊ’ म्हणूनच ओळख करून देतो.