अनुभव धागा: नियम बदलले, यंत्रं बदलली, औषधोपचार बदलले. तुम्ही नवं कसं शिकलात आणि जुनं कुठे ठेवलंत?

मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. नोकरीला लागलेले जुने विद्यार्थी भेटायला आले की विचारतात, "मॅडम, आता कुठला कोर्स करू?" कोर्स सापडणं हल्ली सोपं झालंय. अवघड आहे ते पुढचं: शिकलेलं ऐन कामाच्या वेळी आठवणं, ग्रुपवर रोज येऊन पडणाऱ्या पीडीएफमधलं ताजं कुठलं आणि शिळं कुठलं हे ओळखणं, आणि वर्षानुवर्षं हातात बसलेली पद्धत मोडून नवी बसवणं. यावर वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या काही जणांना मी आग्रहाने लिहायला सांगितलंय. बाकीच्यांनीही लिहा. ॲपची नावं दिलीत तरी चालेल, पण आधी कामातलं एखादं उदाहरण द्या.

वकील, तालुका न्यायालय (फौजदारी)

आमच्याकडे हा प्रश्न १ जुलै २०२४ रोजी आला. भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली. ३०२ म्हणजे खून हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. आता खुनाची शिक्षा १०३ मध्ये आहे, आणि नव्या संहितेतलं ३०२ आहे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याबद्दल. ४२० ची फसवणूक ३१८(४) मध्ये गेली. हे तरी बरं. खरा घोळ ४८२ चा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, म्हणजे गुन्हा रद्द करून मागायचा तो अर्ज. तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ हा अटकपूर्व जामीन आहे, आणि रद्द करून मागायचं ते ५२८ खाली. आकडा तोच, काम वेगळं.

बरं, जुनं विसरून जावं म्हटलं तर तेही नाही. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागते. त्यामुळे एकाच दिवसाच्या बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) दोन्ही कायद्यांची प्रकरणं असतात, आणि ती पुढची कित्येक वर्षं राहणार.

जुन्या-नव्या कलमांचे तक्ते सगळ्यांनीच वाटले. माझ्याही टेबलाच्या काचेखाली एक आहे. पण तक्त्यातून आकडा कळतो, फरक कळत नाही. उदाहरणार्थ, हिसकावून नेणं हा आता ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. जुन्या रकान्यात त्याच्यासमोर लिहायला नेमकं काहीच नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचंही तसंच. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५ब चं नव्यात ६३ झालं एवढं लिहून भागत नाही. नव्या नमुन्यात हॅश व्हॅल्यू (फाईलचा जणू डिजिटल ठसा) द्यावी लागते आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. म्हणून मी कलमवार नोंदी बंद करून प्रकरणवार सुरू केल्या. प्रत्येक पानावर सर्वांत वर घटनेची तारीख, मग कायदा, मग या प्रकरणात नवीन काय कळलं ते दोन ओळींत. ज्युनिअर मुलांना माझं एकच सांगणं असतं: फाईल उघडली की आधी घटनेची तारीख लाल शाईने लिहा, कलम नंतर.

कर सल्लागार, इचलकरंजी

वकीलसाहेब, अगदी आमचीच गोष्ट. १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून आला. १९४सी, १९४जे, १९४आय ही टीडीएसची कलमं आमच्या बोटांवर होती. ती सगळी ३९३ च्या तक्त्यांत गेली. आणि आधीच्या वर्षांचं काम मात्र जुन्याच कायद्याने. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक मालावरचे जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले.

मी एक शिस्त पाळतो. परिपत्रक वा अधिसूचना आली की तिच्या फाईलचं नाव बदलून साठवतो: आधी लागू होण्याची तारीख, मग विषय. जारी झाल्याची तारीख आणि लागू होण्याची तारीख बऱ्याचदा निराळी असते, आणि अशिलाला लागतं ते दुसरं. कुणी तज्ज्ञाने केलेला सारांश मी आवडीने वाचतो, पण मूळ वाचून झाल्यावरच.

मुख्याध्यापिका, जिल्हा परिषद शाळा

आमच्या ग्रुपवर शासन निर्णयांचा पाऊस असतो आणि त्यात बनावटही येतात. मी दोन गोष्टी बघते. शासन निर्णयाच्या शेवटी अठरा अंकी संकेतांक असतो, त्यातले पहिले आठ अंक म्हणजे तारीख. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत उतरवून घेते. दुसरं म्हणजे सुरुवातीची संदर्भांची यादी. बहुतेक जण ती ओलांडून थेट निर्णयावर जातात. मी तिथूनच सुरुवात करते, कारण हा निर्णय जुन्या कुठल्या निर्णयावर उभा आहे हे तिथेच कळतं. नंतर एखादं शुद्धिपत्रक आलं तर ते मूळ निर्णयाला टाचणीने जोडून ठेवते. केंद्रप्रमुख आता आमच्या कपाटातून प्रत मागवतात.

डॉक्टर, ग्रामीण भाग

महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी ३० गुण लागतात. वैद्यकीय चर्चासत्रांना बसलं की गुण मिळतात. गुण मिळवणं आणि उपचार बदलणं यांत मात्र बरंच अंतर आहे, आणि याबद्दल आमच्या व्यवसायात मोकळेपणाने बोललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

क्षयरोगाचं बघा. सरकारी कार्यक्रमात आधी आठवड्यातून तीनदा औषध द्यायची पद्धत होती. २०१७ मध्ये देशभर रोजच्या गोळ्या आल्या, वजनाप्रमाणे. पद्धत बदलल्याचं व्याख्यान मी ऐकलं होतंच. ते पक्कं झालं ते आशाताईंबरोबर ओट्यावर बसून एकेका रुग्णाचं वजन कार्डावर लिहून गोळ्या मोजल्या तेव्हा. उपचार चालू असताना वजन वाढलं तर काय, हा प्रश्न त्या व्याख्यानात कुणी काढला नव्हता. तो त्या ओट्यावर निघाला.

या बाबतीत माझे आदर्श महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात विंचूदंशाने माणसं दगावत होती तेव्हा त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणं टिपली, आणि १९८२ साली त्यांचं निरीक्षण 'द लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने कित्येकांचे जीव वाचले. त्या आजाराचं उत्तर त्यांना कुठल्या पुस्तकात तयार मिळालं नव्हतं. माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी म्हणतो, रोज एका रुग्णाबद्दल चार ओळी लिहा. त्यातूनच पुढचं काय वाचायचं ते कळेल.

सीएनसी सेटर, भोसरी

मी आयटीआय केलंय, संगणकावर चालणारी कटिंगची मशीन लावून देतो. आमच्याकडे शॉपवर मोबाईल न्यायला बंदी, म्हणून वही. जॉबचं मटेरियल, कुठला इन्सर्ट (धातू कापणारं बदलतं टोक), स्पीड, फीड, आणि काय झालं: चिप लांब निघाली, फिनिश आलं नाही, इन्सर्टची कड उडाली. इन्सर्टच्या कॅटलॉगमध्ये स्पीड दिलेला असतोच, पण तो या मशीनवर, जॉब पकडणाऱ्या या फिक्स्चरमध्ये चालतो का, ते कॅटलॉग सांगत नाही.

ड्रॉइंगचा रिव्हिजन, म्हणजे कितवी सुधारित प्रत ते, बघितल्याशिवाय प्रोग्रॅमला हात लावत नाही. रिव्हिजन बदलला की जुनी प्रत टेबलावरून उचलायची, ती 'असू दे' म्हणून ठेवायची नाही. रात्रपाळीला नवीन पोरगा आला तर त्याच्या हाताला जे लागेल तेच तो वापरणार. वर वकीलसाहेबांना जुनं जवळ ठेवावंच लागतं. आमच्याकडे ते जागेवरून हटवावं लागतं. कामाकामात फरक आहे.

परिचारिका, इंग्लंड (मूळची मिरजेची)

इथे आमची नोंदणी दर तीन वर्षांनी नव्याने सिद्ध करावी लागते. त्या तीन वर्षांत ४५० तास काम, ३५ तास शिक्षण, आणि त्यातले २० तास इतरांबरोबर शिकलेले हवेत. शिवाय कामाबद्दल इतरांनी दिलेले पाच अभिप्राय आणि स्वतः लिहिलेले पाच चिंतनपर वृत्तान्त. मग दुसऱ्या नोंदणीकृत परिचारिकेबरोबर बसून त्यावर चर्चा.

सुरुवातीला मला ते कागदी काम वाटलं. आता वाटत नाही. एक उदाहरण देते. रुग्ण खालावतोय का हे ओळखायला इथे न्यूज-२ नावाची गुणपद्धत आहे. नाडी, श्वास, रक्तदाब, तापमान, रक्तातला ऑक्सिजन, शुद्धीची पातळी यांना गुण द्यायचे. ऑक्सिजनसाठी तिच्यात दोन मोजपट्ट्या आहेत. फुप्फुसाच्या जुनाट आजारात ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यांचं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के असतं, आणि ती दुसरी पट्टी डॉक्टरांनी किंवा तसा अधिकार असलेल्या तज्ज्ञाने ठरवूनच लावायची. अशा रुग्णाला ९० ठीक असतं, तरी तो आकडा दिसला की हात आपोआप ऑक्सिजनच्या नळाकडे जातो. एका वृत्तान्तात मी एवढंच लिहिलं: हात का जातो, तो थांबवण्यासाठी तक्त्यावर मी आधी काय बघायला हवं, आणि हे नवीन आलेल्या मुलीला कसं दाखवीन. चर्चेत माझ्या सहकारी बाईंनी विचारलं, "आणि रुग्णाला तू काय सांगितलंस?" हा कोन मला लिहिताना सुचला नव्हता. त्यानंतर मी रुग्णाला आणि घरच्यांना तो आकडा समजावून सांगू लागले.

वृत्तान्तात रुग्णाचं नाव, तारीख, वॉर्ड काहीही येऊ द्यायचं नाही. हे बंधनही उपयोगी आहे. ओळख काढून टाकली की उरतं ते शिकण्याचं.

आई सांगलीला परिचारिका होती. ती म्हणते, आमच्या वॉर्डात एकेकीकडे इतके रुग्ण, लिहायला बसणार कोण? तिचं बरोबर आहे. इथे निदान काही शिक्षण कामाच्या वेळेत मिळतं. आपल्याकडे तो वेळ ड्युटीत धरला जायला हवा, आणि ही मागणी परिचारिकांच्या संघटनांनी लावून धरायला हवी.

मुख्याध्यापिका

ताई, फार चांगलं लिहिलंत. माझा एक प्रश्न सगळ्यांनाच आहे. आमची बदली होते. मी जमवलेलं सगळं माझं, की शाळेचं?

वकील

अशिलाची माहिती अशिलाची, ती कुठेही जात नाही. कायद्याबद्दल जे कळलं ते ज्युनिअरने खुशाल उतरवून घ्यावं. आमच्या ऑफिसात दोन वेगळ्या वह्याच आहेत.

सीएनसी सेटर

मॅडम, मी कंपनी बदलली तेव्हा हाच विचार केला होता. ड्रॉइंग नंबर आणि मापं मी वहीत घेतच नाही, ती कंपनीची. इन्सर्ट कसा वागला, मशीन कुठे कुरकुरतं, ते माझं. पण निघताना त्या मशीनची पानं झेरॉक्स करून तिथल्याच कपाटात ठेवून आलो. माझ्या जागी आलेला पोरगा अजून कधीतरी फोन करतो आणि त्या पानांवर त्याने काय नवीन लिहिलं ते सांगतो.