अँडरसनचा व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मान्य, पण "45 ब्रिगेड पळाली" हे कुठून आणलं?

नगरकर:
काल मेलबर्नकरांनी लेफ्टनंट कर्नल चार्ल्स अँडरसनवर लांबलचक पोस्ट टाकली. जन्म केपटाउनचा, पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक, मग ऑस्ट्रेलियात शेतीवाडी, आणि जानेवारी 1942 ला मलायात जपान्यांशी लढणाऱ्या ऑस्ट्रेलियन 2/19 बटालियनचा सीओ, म्हणजे प्रमुख. इथवर सगळं उत्तम. पण मधेच वाक्य टाकलंय की "मुआर नदीवर भारतीय ब्रिगेड पळाली आणि अँडरसनला निस्तरावं लागलं". डोकंच सणकलं माझं.

ती 45 ब्रिगेड भारतीय 17 डिव्हिजनची, आणि ही डिव्हिजन 1941 मध्ये आमच्या नगरला उभी राहिली. पोरांना शिकवलं काय तर वाळवंटातली लढाई, आणि 3 जानेवारीला उतरवलं सिंगापूरला. त्यात पलटणींतले जुने हवालदार-नाईक नव्या पलटणी उभारायला आधीच काढून नेलेले, म्हणजे कोवळ्या रंगरुटाला "खाली वाक" सांगणाराही जाणता माणूस नाही. पंधरा दिवसांच्या आत समोर जपानची निवडक इम्पीरियल गार्ड्स डिव्हिजन! वीस मैलांहून लांब नदीकाठ दोन पलटणींना वाटून दिला, वर प्रत्येकीच्या दोन कंपन्या पलीकडच्या काठावर, म्हणजे पाठीला नदी. ही मांडणी कुणाच्या हुकमाने? मेजर जनरल गॉर्डन बेनेट, त्या आघाडीचा सेनापती, तुमचा ऑस्ट्रेलियनच. राजपुताना रायफल्स, गढवाल, जाट, तिन्ही पलटणींचे सीओ गेले. ब्रिगेडियर डंकन संगिनींच्या हल्ल्यात पुढे राहून मेला. पळणाऱ्या ब्रिगेडचे साहेब असे मरतात का हो?

मेलबर्नकर:
बरं, "पळाली" नको तर "मोडली" म्हणा. मोडली हे तरी मान्य आहे ना? साहेब लोक मेले म्हणून ब्रिगेड टिकली असं होत नाही. मुआरजवळच्या बक्री गावाला ऑस्ट्रेलियन 2/29 बटालियनच्या बाजूने जपानी रणगाडे आले ते ऑस्ट्रेलियन तोफांनी रस्त्यावरच फोडले. डंकन गेल्यावर उरलेल्या सगळ्यांची सूत्रं अँडरसनकडे आली, 20 तारखेला त्याने बक्री सोडलं आणि प्रत्येक वळणावर रस्ता अडवलेला. चव्वेचाळिशीचा सीओ स्वतः हातबॉम्ब घेऊन मशीनगनवर चालून गेला, पिस्तुलाने माणसं पाडली. या झुंजीत जे दिवस मिळाले त्यामुळेच सेगामातकडची आपली फौज मागच्या योंग पेंग गावामार्गे सुटली. इथल्या शाळेत दर एप्रिलला अँझॅक डे (युद्धातल्या सैनिकांचा स्मृतिदिन) होतो, माझ्या मुलीला पहिल्या महायुद्धातली गॅलिपोलीची लढाई पाठ आहे, पण अँडरसन कोण ते तिच्या टीचरलाही सांगता आलं नाही. म्हणून पोस्ट लिहिली, कुणाला हिणवायला नाही.

सह्याद्री:
तुम्ही दोघंही मुद्दा सोडून बोलताय. बक्रीहून योंग पेंगच्या वाटेवरच्या पारित सुलोंगच्या पुलाशी 22 जानेवारीला याच अँडरसनने चालता येत नाही त्या जखमींना मागे ठेवून बाकीच्यांना जंगलात पाठवलं. सुमारे 110 ऑस्ट्रेलियन आणि 40 भारतीय. जपान्यांनी गोळ्या घातल्या, संगिनी खुपसल्या, पेट्रोल ओतून पेटवलं. आणि या साहेबाला व्हिक्टोरिया क्रॉस? त्या चाळीस जणांच्या घरी काय कळवलं असेल? "बेपत्ता". बस. गोऱ्याला पदक आणि आपल्या पोराच्या आईला तार, हेच चालत आलंय.

माजी फौजी:
सह्याद्री, तुम्ही कधी जखमी माणूस उचललाय का? मी उचललाय, बर्फात, रात्री. एका स्ट्रेचरला चार जण लागतात आणि थोड्याच वेळात बदली चार, तेही दमलेले. आता हेच गुडघाभर दलदलीत, दीडशे जखमी घेऊन, दोन्हीकडून गोळीबार, दारूगोळा संपलेला. करा हिशोब.

आणि त्याने आधी काय केलं ते गाळू नका. पूल राखायला जी ब्रिटिश तुकडी होती ती आधीच निघून गेलेली. अँडरसनने अति जखमी असलेल्या दोन अँब्युलन्स पुलावर पाठवल्या, एवढ्यांना तरी जाऊ द्या म्हणून. जपानी म्हणाले, सगळे शरण या. तो नाही म्हणाला. मग जपान्यांनी गाड्या तिथेच अडकवून ठेवल्या. रात्री एका जखमी लेफ्टनंटने आणि ड्रायव्हरने ब्रेक सोडले, उतारावरून गाड्या अलगद मागे घरंगळल्या आणि परत आपल्या लोकांत आल्या. सकाळी विमानांनी अन्न आणि मॉर्फिन टाकलं, मदतीची फौज काही पोचली नाही. मग हुकूम दिला. जखमींना मारलं जपान्यांनी. त्यासाठी इम्पीरियल गार्ड्सचा जनरल निशिमुरा 1951 ला फासावर गेला.

सह्याद्री:
फौजी आहात म्हणून साहेबाची बाजू घेणारच. तुमच्या भावाला तिथे ठेवून आले असते तर हेच स्ट्रेचरचं गणित मांडलं असतं का?

माजी फौजी:
घरच्यांवर जाऊ नका. सहन करणार नाही.

नगरकर:
सह्याद्री, आवरा जरा. राग काढायचाच तर बेनेटवर काढा. 15 फेब्रुवारीला सिंगापूर पडलं, त्याच रात्री हा आपले हजारो सैनिक कैदेत सोडून होडीने सटकला. अँडरसनचा व्हिक्टोरिया क्रॉस दोनच दिवस आधी जाहीर झालेला, पण तो आपल्या माणसांबरोबर कैदेत गेला आणि जपान्यांनी कैद्यांकडून बांधून घेतलेल्या बर्मा रेल्वेवरही राहिला.

मेलबर्नकर:
बेनेट सटकला नाही, जपान्यांशी कसं लढायचं ते घरी सांगायला गेला. 1945 ला झालेल्या चौकशीतही त्याच्या देशभक्तीवर कुणी बोट ठेवलं नाही.

नगरकर:
अर्धंच सांगू नका! त्याच चौकशीत न्यायमूर्ती लिगर्टवूडनी म्हटलं की त्याने फौजेची सूत्रं सोडून जाणं समर्थनीय नव्हतं.

मेलबर्नकर:
ते खरंय, नाही म्हणत नाही. पण अँडरसनच्या धाग्यात बेनेट कशाला?

माजी फौजी:
कारण मुआरची मांडणी बेनेटची. योंग पेंगला कसेबसे 900 जण पोचले, त्यात जवळपास 400 भारतीय. ब्रिगेडियर नाही, सीओ नाहीत, भाषा न कळणाऱ्या साहेबामागे चालत, पोहत, दलदल तुडवत आलेली ही पोरं. तुमच्या पोस्टमध्ये त्यांच्यावर एक ओळ नाही.

मेलबर्नकर:
टाकतो ती ओळ. पण बेनेटला भेकड म्हणणाऱ्यांशी माझं भांडण संपलेलं नाही.