मदत हवी आहे: पावसाच्या रात्री दुसरा पिनवाला पोचलाच नाही, तर केज उघडायचा कसा?

नमस्कार मंडळी,

पवई-चांदिवली भागातल्या एका डेटा सेंटरमध्ये मी रात्रपाळीची शिफ्ट इनचार्ज आहे. आमचं स्वतःचं क्लाउड आहे आणि त्यावर बहुतेक ग्राहक नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था. काहींचे रॅक वेगळ्या जाळीच्या केजमध्ये, कुलुपात असतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका. प्रश्न लांब आहे, पण अर्धा सांगितला तर सल्लाही अर्धाच मिळेल.

ऑगस्टमधली रात्र. दुपारपासून धो धो पाऊस, संध्याकाळी कुर्ला-सायनला रुळांवर पाणी, मध्य आणि हार्बर दोन्ही बंद. मी विक्रोळीला राहते, चालत पोचले. रात्रपाळीला सहा जण लागतात, आलो तिघं. दुसऱ्या पाळीतली दोन मुलं घरी न जाता थांबली, त्यांचे उपकार.

२ वाजून ४० मिनिटांनी बीएमएसवर, म्हणजे इमारतीच्या देखरेख यंत्रणेवर, पाणीगळतीचा अलार्म वाजला. जागा एका बँकेच्या केजच्या आत, उचललेल्या फरशीखाली. शेजारची टाइल काढून टॉर्च मारला तर पाणी पॉवर केबलच्या ट्रेकडे सरकताना दिसत होतं. जाळी फरशीखालीही गेलेली असल्यामुळे हात पोचेना.

केजची चावी की-सेफमध्ये असते आणि सेफ दोन पिननी उघडतो. एक शिफ्ट इनचार्जचा, दुसरा सिक्युरिटी विभागाच्या अधिकाऱ्याचा. ते अधिकारी, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, कुर्ला स्टेशनात अडकलेले. गेटवर एजन्सीचा गार्ड होता, पण त्याला अधिकार नाही. मी दादांना फोन केला. त्यांनी आधी स्पष्ट नाही म्हटलं. मी पुन्हा सांगितलं की पाणी ट्रेला लागलं तर सकाळी बँकेचे काउंटर उघडणार नाहीत. मग त्यांनी पिन सांगितला. २.५२ ला सेफ उघडला. आतल्या कूलिंग युनिटची ड्रेन लाइन तुंबली होती. युनिट बंद केलं, बाजूच्या युनिटवर भार घेतला, पाणी उपसलं. ३.२० पर्यंत सगळं कोरडं. रॅकच्या तोंडाशी तापमान २६ च्या वर गेलं नाही, एकही सर्व्हर बंद पडला नाही.

दोन महिन्यांनी त्या बँकेच्या ऑडिटरने की-सेफचा लॉग आणि हजेरीचा लॉग शेजारी शेजारी ठेवले. २.५२ ला दादांचा पिन वापरला गेलाय आणि दादा त्या रात्री इमारतीत आलेलेच नाहीत. वर सीसीटीव्हीचं घड्याळ चार मिनिटं मागे निघालं, म्हणजे चित्रात मी सेफ उघडते २.४८ ला. मोठी एनसी, म्हणजे नियमभंगाचा गंभीर शेरा, आली. व्यवस्थापनाने दादांना कारणे दाखवा नोटीस दिली. पिन मी मागितला होता, हे मी लेखी दिलंय. तरी नोटीस त्यांच्या नावावर आहे आणि ते मला सहन होत नाही.

सुधारणेचा आराखडा पंधरा दिवसांत द्यायचाय. वरून सुचवलेला मसुदा एका ओळीचा आहे: 'पिन कोणालाही सांगू नये.' अहो, हे तर आधीही होतंच की. पुढच्या पावसात हीच वेळ आली तर माझ्या जागी असणाऱ्या मुलाने किंवा मुलीने काय करायचं, ते त्या ओळीत नाही. आणि क्लाउडच्या मुख्य ॲडमिन खात्याचीही हीच गत आहे. पासवर्ड सेफमध्ये, पण ओटीपी प्लॅटफॉर्म लीडच्या मोबाइलवर, आणि तो बदलापूरला राहतो. दोन माणसांचा नियम मला हवाच आहे. तो मोडावा न लागता गाड्या बंद असतानाही कसा पाळायचा, हे कोणी करून पाहिलं असेल तर सांगा. शिवाय, हा प्रकार सर्ट-इनला (सायबर घटना जिथे कळवायच्या ती सरकारी संस्था) सहा तासांत कळवायला हवा होता का?

– रात्रपाळी_विक्रोळी

*

डीजी_आणि_डिझेल:

ताई, आधी एक विचारतो. ड्रेन लाइन शेवटची कधी साफ केली होती? ऑडिटरने पिन पकडला म्हणून सगळे पिनमागे लागलेत. कूलिंग युनिट ग्राहकाच्या केजमध्येच असेल तर देखभालवाल्याला प्रत्येक वेळी दोन पिन लागणार, मग माणसं कंटाळतात आणि महिन्याचं काम तीन महिन्यांवर जातं. आमच्याकडे हुबेहूब हेच झालं होतं. आम्ही युनिट हलवू शकलो नाही, पण ड्रेनचा ट्रॅप आणि पाण्याचा व्हॉल्व्ह जाळीबाहेर आणून घेतले. आता आत न जाता पाणी तोडता येतं. हे आराखड्यात पहिलं लिहा.

दुसरं, चावीवाले राहतात कुठे ते बघून निवडा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली तेव्हा मी ड्यूटीवर होतो. डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, ठणठणीत चालले. माझी तारांबळ उडाली ती डिझेलच्या टँकरसाठी सही करणारा माणूस शोधताना, कारण तो लोकलमध्ये अडकला होता. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक अधिकाराला पाच नावं आहेत, त्यातली किमान दोन चालत येण्याच्या अंतरावरची. साकीनाका, असल्फा, पवई, विक्रोळी असं बघून. हुद्दा नंतर.

*

लॉगवाचक:

मी माहिती सुरक्षेत आहे, त्यामुळे माझं मत कडू लागेल. पाणी थांबवलंत ते योग्यच. पण पिन सांगितला गेला त्या क्षणी तुमचा लॉग खोटा झाला. उद्या त्या केजमधून खरंच एखादी डिस्क गेली असती, तर लॉगने दादांकडे बोट दाखवलं असतं आणि दादांकडे स्वतःला वाचवायला काही नसतं. हा नियम बँकेइतकाच दादांच्या आणि तुमच्या रक्षणासाठी आहे.

म्हणून आणीबाणीचा मार्ग वेगळा आणि राजरोस ठेवा, आडवाटेचा नको. क्रमांकाचं सील असलेलं पाकीट, त्यात फक्त आणीबाणीचा तिसरा पिन. हा पिन कोणाच्याही नावाचा नसतो, त्यामुळे लॉगमध्ये तो दिसला की सगळ्यांना कळतं, आज काच फोडली. उघडायच्या आधी तिकीट. इमारतीतला दुसरा कोणीही कर्मचारी साक्षीला, आणि लांबचा अधिकारी व्हिडिओ कॉलवर, कॉल रेकॉर्ड होतो. सकाळी पिन बदलायचा, नवं पाकीट, नवा सील क्रमांक रजिस्टरमध्ये. पाकीट फोडलं की ग्राहकाला आपोआप मेल. हे सगळं लिहायला सोपं आहे, पण दर तीन महिन्यांनी एकदा मुद्दाम रात्री करून बघा. आमच्या पहिल्या सरावात पाकीट ज्या कपाटात होतं त्याचीच चावी सापडली नव्हती.

स्वतःच्याच कुलुपात अडकणं मोठमोठ्यांनाही चुकलेलं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक कित्येक तास बंद होतं. नेटवर्क गेल्यामुळे लांबून दुरुस्ती होईना, इंजिनिअर प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले आणि तिथली सुरक्षा इतकी चोख की आत शिरून यंत्रांना हात लावायलाच वेळ गेला. त्यांनी स्वतःच हे लिहिलंय.

क्लाउडच्या ॲडमिन खात्याचं: ओटीपी एका मोबाइलवर ठेवणं आजच बंद करा. हार्डवेअर सिक्युरिटी की (ओटीपीऐवजी लॉगिनला लावायचं छोटं उपकरण) घ्या, एक या इमारतीच्या सेफमध्ये, एक डीआर साइटवर, म्हणजे आपत्तीसाठीच्या पर्यायी केंद्रात. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्येसुद्धा २०२२ पासून रूट, म्हणजे मुख्य, खात्याला आठपर्यंत एमएफए साधनं (पासवर्डशिवायची दुसरी ओळख पटवणारी) जोडता येतात. त्याच्या आधी एकच जोडता यायचं आणि तेव्हाची सवय अनेकांनी अजून सोडलेली नाही. मायक्रोसॉफ्टही आणीबाणीची किमान दोन खाती ठेवायला सांगतं. तुमच्या गुप्त किल्ल्या व्हॉल्टमध्ये (पासवर्ड-किल्ल्या जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) असतील तर मूळ किल्लीचे तुकडे करायची सोय आहेच. नेहमीची मांडणी पाच तुकडे, त्यातले कोणतेही तीन पुरे. यामागचं गणित आदी शमीर यांनी १९७९ मध्येच मांडलंय. पाचातले दोघे बदलापूर-विरारला असले तरी काम अडत नाही, आणि एकट्याच्या हातात काहीच येत नाही.

सर्ट-इन: २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सहा तास मोजतात ते घटना लक्षात आल्यापासून किंवा लक्षात आणून दिल्यापासून. परका कोणी आत शिरला नाही, म्हणून माझ्या मते हा त्यातला प्रकार नाही. पण ते मी किंवा तुम्ही ठरवायचं नसतं. कंप्लायन्सकडून लेखी घ्या. त्याच निर्देशांत दुसरी गोष्ट मात्र तुम्हाला थेट लागू आहे: १८० दिवसांचे लॉग आणि सगळ्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवणं. सर्व्हरची घड्याळं सगळे जुळवतात, सीसीटीव्ही रेकॉर्डर आणि दाराची यंत्रणा विसरतात. ती चार मिनिटं मला तुमच्या पिनपेक्षा जास्त खुपली.

*

रात्रपाळी_विक्रोळी:

@लॉगवाचक, कडू नाही लागलं. दादांना वाचवायला काही नसतं, हे वाक्य दोनदा वाचलं. त्या रात्री माझ्या डोक्यात फक्त पाणी होतं.

@डीजी_आणि_डिझेल, रजिस्टर बघितलं. ड्रेन मे महिन्यात साफ व्हायची होती, 'केज उघडला नाही' असा शेरा आहे. जून, जुलै, तोच शेरा. त्यावर तीन महिने सह्या झाल्यात, त्यात एक माझी आहे.

व्हिडिओ कॉल बेसमेंटच्या हॉलमध्ये चालत नाही, मोबाइलला रेंज नसते. तिथे लँडलाइन आहे. ती चालेल का? आणि बँकेला आम्ही त्या रात्री फोन केला होता, पण करारातला नंबर बंद लागला.

*

दादरची_बँकवाली:

मी पलीकडच्या बाजूची, एका सहकारी बँकेत आयटी बघते. तुमचीच ग्राहक नसेन अशी आशा आहे! रात्री तीनला माझा फोन बंद लागला तर ती चूक आमची. करारात एकच नंबर असणं हीसुद्धा आमचीच चूक.

ग्राहक म्हणून मला काय हवं ते सांगते. पाणी, धूर, आग, या तीन कारणांसाठी केज उघडायची कायमची लेखी परवानगी मी आनंदाने देईन. अट एवढीच की तासाभरात मला कळवा, आणि कॅमेऱ्याचं चित्र जपून ठेवा. तुम्ही बँकेसमोर असा कागद ठेवाच. आमचा ऑडिटर नियमाला अपवाद आहे म्हणून चिडत नाही, अपवाद कुठे लिहिलेला नाही म्हणून चिडतो.

अजून एक. क्लाउड घेतलं म्हणजे सगळी जबाबदारी तुमची, असं आमच्या संचालक मंडळाला वाटतं. इमारत, वीज, थंडावा, केज तुमचं. पण आमची खाती, आमचे पासवर्ड, आमचा बॅकअप आमचाच. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळलं, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचा डेटा गेला. मी ती बातमी छापून बैठकीत ठेवली, तेव्हा कुठे आमची दुसरी प्रत मुंबईबाहेर गेली.

*

डीजी_आणि_डिझेल:

लँडलाइन उत्तम, फक्त ती रेकॉर्ड होते का बघा. बोलणाऱ्याची ओळख पटवायला आम्ही त्या दिवसाचा परवलीचा शब्द हँडओव्हर शीटवर लिहितो. साधं आहे, चालतं.

आणि रेड अलर्ट आला की रोस्टर बदलायचं, पाणी भरल्यावर नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा मी दुसऱ्या एका ठिकाणी ट्रेनी होतो आणि ३८ तास एकाच पाळीत काढले. अशा अवस्थेतल्या माणसाला कुठलाही पिन देऊ नये. आता अलर्ट आला की आदल्या संध्याकाळीच दोन चावीवाले इमारतीत मुक्कामाला येतात. पलंग, सुका खाऊ, औषधं, चार्जर. खर्च नगण्य आहे.

*

रात्रपाळी_विक्रोळी:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आराखडा नव्याने लिहिला: ड्रेन आणि व्हॉल्व्ह जाळीबाहेर, पाच चावीवाले पत्ता बघून, सीलबंद तिसरा पिन, दोन हार्डवेअर की, घड्याळं, बँकेची कायमची परवानगी. 'पिन कोणालाही सांगू नये' ही ओळ मी ठेवली आहे, पण सगळ्यात शेवटी.

ड्रेनच्या रजिस्टरची झेरॉक्स नोटिशीच्या उत्तराला जोडायला दादांना दिली, माझ्या सहीच्या पानासकट. सोमवारी त्यांची सुनावणी आहे.

एक प्रश्न उरलाच. मुक्कामाची सोय करताना बायकांसाठी वेगळी खोली आणि बाथरूम तुमच्याकडे कोणी केलंय का? आमच्या रात्रपाळीत आम्ही दोघी आहोत आणि पाच चावीवाल्यांत मी एक असणार आहे. ॲडमिनवाले म्हणतात जागा नाही. बॅटरी रूमच्या वरच्या मजल्यावर एक जुनी स्टोअररूम रिकामी आहे. तिथे झोपायची सोय केली तर फायर सेफ्टीच्या दृष्टीने चालेल का, हे कोणी सांगू शकेल?