मदत हवी आहे : गुऱ्हाळाच्या व्हिडिओत गुळाचा रंग आणि पाकाच्या गोळीचा आवाज नीट येत नाही

नमस्कार. मी करवीर तालुक्यातली, बी.ए. भाग २ ला आहे. दिवाळीपासून मोबाईलवर व्हिडिओ करायला शिकतेय. आमच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ आहे. आसपासची बरीच बंद पडली, आमचंही पुढच्या हंगामाला लागेल की नाही यावर घरात रोज बोलणं चालतं. म्हणून यंदाच दीड मिनिटाचा एक व्हिडिओ मनासारखा करून ठेवायचा आहे. ऊस संपत आलाय, फार तर दहा दिवस हातात आहेत.

तीन आधणं (रस उकळून गूळ करायच्या तीन खेपा) शूट करून झाली. रस उकळला, भेंडीचं पाणी घालून मळी (वर येणारा गाळ) काढली की रंग पालटत जातो आणि शेवटी सोन्यासारखा होतो. डोळ्याला दिसतं ते फोनमध्ये येतच नाही. वाफ उठली की चित्र काळपट, वाफ सरली की पांढरं फटक. एकाच क्लिपमध्ये गूळ आधी पिवळा, मग तांबडा, मग निळसर. रात्रीच्या क्लिपमध्ये एलईडी बल्बमुळं आडवे पट्टे सरकतात ते वेगळंच.

आवाजाचं मला जास्त लागलंय. पाक झाला का हे आमचे गूळ करणारे गुळवेमामा थर्मामीटरनं बघत नाहीत. थोडा पाक थंड पाण्यात सोडतात, बोटांनी गोळी वळतात आणि काहिलीच्या (रस उकळायच्या मोठ्या कढईच्या) काठावर मारतात. टक्क वाजली की ओरडतात, "उतरा!" मग सगळे काहिलीला लागतात आणि पाक वाफ्यात (गूळ थंड करायच्या उथळ हौदात) ओततात. त्या एका टक्कसाठी मी व्हिडिओ करतेय, आणि ऊस पिळायच्या घाण्याच्या मोटरीत तोच ऐकू येत नाही. इअरफोनचा माईक मामांच्या कॉलरला लावून बघितला, मोटर तेवढीच.

शिवाय ५० च्या वर क्लिप झाल्यात. ऊसतोडीपासून ढेपेपर्यंत ओळीनं लावल्या तर मैत्रिणी मधेच पुढं सरकतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ ला भौगोलिक मानांकन मिळालं हे सांगायचंय, ते कुठं घालू?

फोन तीन वर्षांचा, साधा. लॅपटॉप नाही. कृपया नवीन काही विकत घ्यायला सांगू नका.

प्रतिसाद

फोन चांगला आहे, तो सगळं स्वतः ठरवतोय एवढीच अडचण आहे. ओपन कॅमेरा नावाचं फुकट ॲप घे. वाफ नसताना पाकावर फोकस कर, एक्सपोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) लॉक कर आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणं) ऑटोवरून काढून ऊन किंवा बल्ब, जो उजेड असेल त्यावर ठेव. मग वाफ आली तरी रंग हलणार नाही. दर क्लिपआधी लेन्स पूस, वाफेनं धुरकटते.

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर (एक चित्र टिपायचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवता आलं तर पट्टे जातात. फोन ते करू देत नसेल तर आधण दिवसा घे आणि बल्ब बंद कर.

टक्क त्याच क्षणी पकडायचा हट्ट सोड. घाणा बंद झाल्यावर मामांना सात-आठ वेळा गोळी वाजवायला सांग, फोन वीतभर अंतरावर धर. तो आवाज नंतर चित्राखाली बसव. यात फसवणूक नाही, गोळीही तीच आणि काहीलही तीच. माणसं गप्प असताना चुलवाणाचा (काहिलीखालच्या भट्टीचा) नुसता आवाजही मिनिटभर घेऊन ठेव, क्लिपमधले सांधे त्यानं झाकतात.

आणि व्हिडिओ टक्कनंच सुरू कर. काय वाजलं हे कळायला बघणारा थांबेल, मग मागं ऊसाकडे जा. मानांकन शेवटी, ढेपेवर.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. काल घाणा थांबल्यावर मामांना सांगितलं. त्यांनी पहिली गोळी वळली आणि स्वतःच टाकून दिली : "ही कच्ची आहे, वाजायची नाही." दुसरी पाण्यात जरा जास्त धरली. आठ वेळा टक्क मिळालं, अगदी स्वच्छ. रंगही लॉक केल्यावर जागचा हलला नाही.

शटरचा पर्याय माझ्या फोनला दिसत नाही, म्हणून उद्या सकाळचं आधण घेतेय. एकच विचारायचंय, मानांकनाचं वाक्य मी बोलू की मामांना बोलायला सांगू? ते कॅमेरा बघितला की गप्प होतात.