"आधी तू काय प्रयत्न केलास?" हे नवशिक्याला विचारणं बंद करा

पर्वती_पायथा:
प्रोग्रॅमिंग शिकायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाने मदत मागितली तर त्याला पूर्ण उत्तर द्यावं, असं माझं मत आहे. चालणारा कोड आणि तो का चालतो याची दोन वाक्यं. कोडी घालू नयेत.

निमित्त सांगतो. शनिवारी नारायण पेठेत आम्ही काही जण नव्या मुलांना मोफत शिकवतो, त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे एका मुलीने विचारलं की पायथनमध्ये दोन विषयांचे मार्क घेऊन बेरीज छापायची आहे, ४५ आणि ३८ टाकले तर ४५३८ येतंय. पहिलं उत्तर आलं, "आधी तू काय प्रयत्न केलास?" दुसरं, "गूगल कर." तिसऱ्या महाशयांनी पायथनच्या अधिकृत मदतपानांची लिंक चिकटवली, तीही मुखपृष्ठाची. पोरीने प्रश्न डिलीट केला.

ती गूगलवर शोधणार काय? एरर आलेलीच नाही. पायथनच्या दृष्टीने सगळं व्यवस्थित झालंय. टाइप केलेलं वाचणारं इनपुट फंक्शन कायम स्ट्रिंगच, म्हणजे नुसता मजकूरच देतं, तुम्ही आकडा टाइप केला तरी. आणि दोन स्ट्रिंगमध्ये अधिकचं चिन्ह घातलं की त्या एकापुढे एक चिकटतात. हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच "टाइप कन्व्हर्जन" (मजकुराचा आकडा करणं) असं शोधायला सुचतं. बाकीच्यांनी काय, "बेरीज चुकते" असं टाकायचं? इनपुटभोवती इंट घाल म्हणजे त्याचा पूर्णांक होईल, हे सांगायला टोमण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

जुना_टर्बो:
साफ असहमत. कॉलेजच्या लॅबमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे जरा तिखट लिहितो.

तुम्ही इंट दिलात. पुढच्या आठवड्यात तिने मार्क टाकले ४५.५. आता "व्हॅल्यूएरर: इनव्हॅलिड लिटरल फॉर इंट" येईल आणि ती परत तुमच्या दारात. मग तुम्ही फ्लोट, म्हणजे दशांशवाला आकडा, द्याल. मग ती प्रत्येक ठिकाणी फ्लोट घालेल, हजेरीपटात ३२ च्या जागी ३२.० मुलं छापली जातील. तुमची वीस वाक्यं खर्च होतील आणि तिला मूळ गोष्ट कळलेली नसेल.

त्याऐवजी एवढंच सांगायचं: बेरीज करण्याआधी त्या व्हेरिएबलचा टाइप छापून बघ. समोर "एसटीआर", म्हणजे स्ट्रिंग, दिसेल. ते दिसल्यावर जे डोक्यात पेटतं ते तुमच्या चालणाऱ्या कोडने पेटत नाही. शिवाय ही युक्ती तिला जन्मभर पुरेल.

पर्वती_पायथा:
सर, मग हे तिला सांगायचं होतंत ना! "टाइप छापून बघ" ही मदत झाली. "काय प्रयत्न केलास" ही मदत नाही, जकातनाका आहे. तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय, फक्त आवाज चढवून.

जुना_टर्बो:
तुमच्या बाजूने नाही. तुम्ही "पूर्ण उत्तर, चालणारा कोड" म्हणालात, ते वर लिहिलेलं आहे. मी चालणारा कोड देणार नाही.

झेरॉक्स_सेंटर:
सबमिशनच्या आदल्या रात्री दोघांचंही कोणी ऐकत नाही. अख्खा जर्नल उतरवला जातो, रायटअपमधल्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट. चालू द्या.

फेज_तीन:
हिंजवडीहून घरी येताना बसमध्ये बसून असे प्रश्न वाचतो, म्हणून माझीही तक्रार ऐका. कोडचा फोटो येतो. स्क्रीनचा, मोबाइलने, तिरपा काढलेला, वर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, आणि एररची नेमकी शेवटची ओळ कापलेली. खाली मजकूर: "सर चालत नाहीये प्लीज हेल्प." यावर पूर्ण उत्तर कुठून देऊ? ज्योतिष बघू?

कोड मजकूर म्हणून चिकटवा, एरर अख्खी द्या, काय यायला हवं होतं आणि काय आलं ते लिहा. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमरांची प्रश्नोत्तरांची साइट २००८ साली सुरू झाली तेव्हापासून तिथे हेच मागतात आणि लोक त्यांना उर्मट म्हणतात. पण दहा वर्षांपूर्वीचं एखादं उत्तर आजही उपयोगी पडतं ते प्रश्न नीट विचारलेला होता म्हणून. "काय प्रयत्न केलास" यामागे बऱ्याचदा एवढंच असतं की बाबा, मला काहीतरी दिसू दे.

पर्वती_पायथा:
फोटोचं मान्य. पण ते शिकवायचं कोणी? "कोड निवडून कॉपी कर आणि इथे पेस्ट कर" असं कोणी म्हणत नाही. डायरेक्ट "असे प्रश्न विचारू नका."

अर्धविराम:
सगळे काका लोक २०१५ साली राहताय का? मी सेकंड इयरला आहे. आमच्या वर्गात माणसांना कोणी विचारतच नाही. एआय चॅटला टाकायचं, रात्री दोन वाजताही उत्तर येतं, अपमान होत नाही, मराठीत विचारलं तरी चालतं. द्यावं की न द्यावं हा वाद तुमच्यापुरता उरलाय. पूर्ण उत्तर ऑलरेडी मिळालेलं आहे.

जुना_टर्बो:
आणि एक्सटर्नल जेव्हा ओरलला विचारतात, "ही सातवी ओळ काढली तर काय होईल?", तेव्हा तुमचा वर्ग छताकडे बघतो. तो छताकडे बघणारा वर्ग मी पाहिला आहे.

फेज_तीन:
यात भर. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीची उत्तरं टाकायला बंदी घातली. कारण हेच दिलं होतं की उत्तरं दिसायला पटण्यासारखी, पण बरोबर असण्याचं प्रमाण फार कमी. आता ही यंत्रं तेव्हापेक्षा खूप सुधारली आहेत, कबूल, मीही वापरतो. पण चूक कुठे आहे हे ओळखायला आधी थोडं यावं लागतं, आणि नवशिक्याकडे नेमकं तेच नसतं.

पर्वती_पायथा:
ओरलचा विषय काढलात म्हणून, सर, तुमच्याच नावाला हात घालतो. कित्येक लॅब मॅन्युअलमध्ये अजून टर्बो सी हा सी भाषेचा जुना कंपायलर आहे. व्हॉइड मेन, कोनिओ डॉट एच ही हेडर फाइल, क्लिअर स्क्रीन. पोरगं घरी लिनक्सवर जीसीसी या आजच्या कंपायलरमध्ये तोच प्रोग्रॅम टाकतं आणि कंपायलर म्हणतो अशी फाइलच नाही. त्याची चूक काय?

पुढे ऐका. टर्बो सी डॉसच्या काळातला, त्यात इंट १६ बिटचा, मर्यादा ३२७६७. फॅक्टोरियलचा (१ पासून त्या आकड्यापर्यंतचा गुणाकार) प्रोग्रॅम ७ पर्यंत नीट चालतो, ५०४० येतात. ८ टाकले की ४०३२० ऐवजी उणे २५२१६. घरच्या ३२ बिटच्या इंटवर तोच प्रोग्रॅम १२ पर्यंत शहाण्यासारखा वागतो आणि १३ ला १९३२०५३५०४ असा चक्क अधिक चिन्हाचा, दिसायला सभ्य, पण चुकीचा आकडा देतो. एकाच कोडची कॉलेजात एक आणि घरी दुसरी उत्तरं. "काय प्रयत्न केलास" म्हणून हे सुटेल? कोणीतरी बसून सांगावंच लागतं.

जुना_टर्बो:
नाव गमतीने घेतलंय हो. टर्बो सी लॅबमधून काढा म्हणून अर्ज करकरून थकलो, ते जाऊ द्या. हे उदाहरण मात्र तुमच्या बाजूचं, मान्य. इथे मी सांगेन. पण तरी "इंटऐवजी लाँग लाँग हा मोठा टाइप घाल" म्हणून मोकळा होणार नाही. आधी इंटचा साइज छापायला लावेन.

लातूरची:
मी इथे नवीन आहे. कॉमर्स केलं, मराठी माध्यम, आता पुण्यात खोली घेऊन क्लास लावलाय. तुमचं भांडण वाचून जे वाटलं ते लिहिते.

मला कोड नको असतो. क्लासमध्ये कोड मिळतोच. एरर आली की वीस ओळी लाल होतात आणि त्यातली कुठली वाचायची ते कळत नाही. पायथनची शेवटची ओळ आधी वाचायची, आणि सीमध्ये उलट, पहिली चूक आधी दुरुस्त करायची कारण खालच्या बऱ्याच तिच्यामुळेच आलेल्या असतात. हे मला होस्टेलमधल्या एका ताईने सांगितलं. त्यानंतर माझे निम्मे प्रश्न विचारायचेच राहिले. एवढी साधी गोष्ट क्लासमध्ये कोणी का सांगत नाही?

आणि अर्धविराम, एआयला मीही विचारते. पण तो जे देतो त्यात मला न आलेल्या अजून चार गोष्टी असतात.

धीर करून एक प्रश्न. शब्द उलटसुलट सारखा आहे का ते तपासायचा प्रोग्रॅम केला. मॅडम हा शब्द इंग्रजीत टाकला तर हो म्हणतो. मराठीत "नवजीवन" टाकलं तर नाही म्हणतो. स्ट्रिंग उलटी करून मूळ स्ट्रिंगशी तुलना केली आहे, बाकी काही नाही.

जुना_टर्बो:
हा प्रश्न बघा! काय यायला हवं होतं, काय आलं, काय केलं, सगळं आहे.

बाळ, त्या शब्दातलं एकेक कॅरॅक्टर वेगवेगळ्या ओळीवर छाप. उलटं करू नको, नुसतं छाप. काय दिसतंय ते लिही.

लातूरची:
सहा ओळी आल्या सर. न, व, ज, मग एकटी वेलांटी, मग व, न. वेलांटी वेगळी का आली? अच्छा! उलटं केल्यावर ती ज ची राहतच नाही, आधी येणाऱ्या व ला चिकटते. "नवीजवन" होतंय!

जुना_टर्बो:
श्री. पर्वती, पाहिलंत?

पर्वती_पायथा:
पाहिलं, सुंदर. आता पुढे काय? तिला कारण कळलं, पण प्रोग्रॅम अजून नाहीच म्हणतोय. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मात्रा आणि वेलांट्या स्वतंत्र कोड पॉइंट (क्रमांक) असतात, आणि "जी" हे एक अक्षर धरायचं कसं हे तिने स्वतः शोधायचं म्हटलं तर ती थेट युनिकोडच्या नियमांत जाऊन बुडेल. म्हणून मी देतो. ताई, "रेजेक्स" नावाचं पॅकेज पिपने (पायथनची पॅकेजं बसवायचं साधन) इन्स्टॉल कर, पायथनसोबत येतं ते "आरई" नव्हे. त्यातल्या फाइंडऑलला बॅकस्लॅश आणि कॅपिटल एक्स दे, म्हणजे दिसणारं एकेक पूर्ण अक्षर वेगळं मिळेल. पाच तुकड्यांची यादी मिळेल, ती उलटी करून मूळ यादीशी तुलना कर. जोडाक्षरांचा नियम युनिकोडने २०२३ मध्ये बदलला, तेव्हा पॅकेजची आवृत्ती जुनी असेल तर "क्षा"चे दोन तुकडे पडू शकतात. सध्या तिकडे जाऊ नकोस.

अर्धविराम:
एआयला टाकून बघितलं आत्ता. त्यानेही हेच पॅकेज सांगितलं, फक्त वेलांटीबद्दल एक शब्द नाही.

लातूरची:
नवजीवन चाललं! खूप आभार दोघांचे. पण "रामाला भाला मारा" टाकलं तर परत नाही म्हणतोय. ते तर दोन्हीकडून सारखंच आहे ना?

पर्वती_पायथा:
स्पेस काढून टाक आधी. रिप्लेस वापर, ओळ अशी

जुना_टर्बो:
थांबा हो, सांगू नका तिला! पुन्हा यादी छाप गं, आणि स्पेस कितव्या जागी येतात ते दोन्ही बाजूंनी मोज.